वाड्याचं नाव वारसा यादीत येतं तेव्हा

वाडा वारसा यादीत घालायचा प्रस्ताव आला की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘म्हणजे आता वाडा सरकारजमा का?’ नाही. मालकी तुमचीच राहते. वाडा विकता येतो, मुलांच्या नावावर करता येतो, भाड्याने देता येतो. बाहेरच्या लोकांना आत येऊन बघू द्यायची सक्ती नसते. वाडा पूर्वीसारखा करून द्या, अशीही सक्ती नसते, पण नियमित दुरुस्ती-देखभाल मालकाकडेच असते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श इमारत नियमावलीत वारसा वास्तूंवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि यादीने मालकी बदलत नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

मग बदलतं काय? पाडणं, मजला चढवणं, दर्शनी भागाला हात लावणं, राहत्या घराचं दुकान किंवा हॉटेल करणं, या सगळ्याला नेहमीच्या बांधकाम परवानगीआधी आणखी एक परवानगी लागते. ती वारसा संवर्धन समितीच्या टेबलावरून जाते. बडोद्याच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, मांडवीच्या आसपास ज्यांचे जुने वाडे उभे आहेत त्यांना ही समिती कशी विचार करते हे आधीच माहीत असायला हवं. नोटीस आल्यावर शिकायला सुरुवात केली तर मुदत संपलेली असते.

आदर्श नियमावली हा फक्त साचा आहे. राज्यं तो आपापल्या नियमांत कमीजास्त फरकाने बसवतात. गुजरातेत बांधकामाचे नियम २०१७ च्या सर्वसमावेशक विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी मध्यप्रदेशाचे २०१२ चे भूमी विकास नियम बघायचे. अर्जात नेहमी आपल्या राज्याचं कलम लिहावं, केंद्राच्या साच्याचं नव्हे.

संरक्षण तीन प्रकारचं, आणि गोंधळ तिथेच होतो

पहिलं केंद्राचं. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली जे येतं ते राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक, आणि ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतं. दुसरं राज्याचं: गुजरातचा कायदा १९६५ चा, मध्यप्रदेशाचा १९६४ चा. तिसरं शहराचं, म्हणजे नगररचनेच्या नियमांखाली केलेली वारसा यादी. राहत्या वाड्यांचा प्रश्न बहुतेक या तिसऱ्या प्रकारात येतो, पण लोक पहिल्या प्रकारचे नियम ऐकून घाबरतात. शहराच्या यादीतल्या घराभोवती शंभर मीटरची बंदी नसते. ती बंदी केंद्राच्या स्मारकाभोवती असते.

आणि बडोद्यात असं एक स्मारक ऐन वस्तीत आहे: दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतीवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर म्हणजे विनियमित क्षेत्र. तुमचं घर कुठल्याही यादीत नसलं, ते काल-परवाचं सिमेंटचं असलं, तरी या वर्तुळात असेल तर हा कायदा तुम्हाला लागू आहे. शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम होतच नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, तेही परवानगी घेऊन. या कायद्याने ‘दुरुस्ती’च्या व्याख्येतून ‘पुनर्बांधणी’ मुद्दाम वगळली आहे. म्हणून शंभर मीटरच्या आतला जुना वाडा पडू दिला, की त्याच जागी तसाच उभा करायला दुरुस्तीच्या कलमाखाली अर्ज करता येत नाही. ‘पडला की एकदाच नवीन बांधू’ असं मनात धरून दुरुस्ती टाळणारी घरं इथे कायमची अडकतात. परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वेळेचा हिशोबही कायद्यातच आहे. सक्षम अधिकाऱ्याने अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचं, त्यानंतर एक महिन्यात तुम्हाला उत्तर. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी साडेतीन महिने. उन्हाळ्यात कौलं काढायची असतील तर अर्ज दिवाळीच्या सुमारास गेला पाहिजे. फेब्रुवारीत दिला तर उत्तर यायला जून उजाडतो आणि कारागीर छपरावर चढत नाहीत.

समितीत कोण बसतं आणि काय बघतं

आदर्श नियमावलीप्रमाणे समितीत किमान दहा वर्षं अनुभवाचा संरचना अभियंता, शहररचना आणि संवर्धन या दोन शाखांचे वास्तुविशारद, इतिहासाचा जाणकार, पर्यावरणाचा जाणकार आणि नगररचना खात्याचे अधिकारी असतात. समिती शिफारस करते, आदेशावर सही सक्षम प्राधिकाऱ्याची असते. त्याला समितीचं मत डावलता येतं, पण अपवाद म्हणूनच आणि कारणं लेखी नोंदवून. तुमच्या प्रकरणात असं झालं असेल तर त्या कारणांची प्रत मागून घ्या. पुढे अपिलात किंवा कोर्टात तोच कागद कामी येतो.

घर यादीत घ्यावं का, हे ठरवायचे निकष ठरलेले आहेत: वास्तूचं वय, तिचं स्थापत्याचं किंवा सांस्कृतिक मोल, इतिहासाशी नातं, नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी संबंध, एखाद्या रांगेचा किंवा समूहाचा भाग म्हणून असलेलं महत्त्व, आणि वास्तूतल्या किंवा तिच्या आवारातल्या एखाद्या गोष्टीचं वेगळेपण. यात समूहाचा निकष सगळ्यांत कमी समजला जातो. ‘आमच्या वाड्यात काय आहे मोठं, असे दहा आहेत’ असं मालक सुनावणीत सांगतात, आणि त्याने प्रस्ताव उलट बळकट होतो. एकाच उंचीचे, एकाच धाटणीचे सात-आठ वाडे सलग उभे असतील तर मधला एक काढल्यावर रस्त्याचा चेहरा तुटतो, आणि समिती नेमकं तेच राखायला बसलेली असते.

इथेच बहुतेक कुटुंबांची चूक होते. नोंद आणि परवानगी हे दोन वेगळे टप्पे आहेत. नोंदीच्या टप्प्यात प्रश्न एकच: वास्तू मोलाची आहे का? तिथे ‘आम्हाला परवडत नाही’, ‘भाडेकरू निघत नाहीत’, ‘मुलगा परदेशात आहे’ या गोष्टी खऱ्या असल्या तरी निकषांत बसत नाहीत. त्यांची जागा पुढच्या टप्प्यात आहे, जिथे सवलत, वापरबदल, विकास हक्क मागायचे असतात. पहिल्या टप्प्यात वास्तूबद्दल बोला, दुसऱ्या टप्प्यात स्वतःबद्दल. उलटं केलं की दोन्हीकडे हात रिकामे राहतात.

नोंदपत्रक: एका पानावर पुढची अनेक वर्षं

यादीतल्या प्रत्येक घराचं एक नोंदपत्रक असतं. पाहणी करणारी मुलं-मुली, बहुतेक वास्तुकलेचे विद्यार्थी, अर्ध्या तासात ते भरतात. त्यांचा दोष नाही, एका दिवसात त्यांना वीस घरं करायची असतात. पण पुढे परवानगी देताना समिती हेच पान समोर ठेवते. म्हणून नोटीस मिळाल्यावर सगळ्यात आधी या पत्रकाची प्रत मागा आणि शब्द न् शब्द वाचा.

सिटी सर्व्हे नंबर प्रॉपर्टी कार्डाशी जुळतो का ते बघा. जुन्या गावठाणात एका भिंतीला दोन घरं टेकलेली असतात आणि नंबर शेजारच्याचा पडतो. मग ‘वास्तू’ म्हणून नेमका कुठला भाग धरलाय ते पाहा. पुढची देवडी, चौक आणि चौकाभोवतीचा सोपा जुना असतो. मागे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घातलेला सिमेंटचा जिना, संडास-न्हाणीघर असतं. पत्रकात ‘संपूर्ण मिळकत’ असं लिहिलं गेलं तर त्या न्हाणीघराची भिंत हलवायलाही समितीकडे जावं लागेल. ‘रस्त्याकडील इमारत व चौक, मागील बांधकाम वगळून’ एवढी एक ओळ घालून घेतली तर पुढची कितीतरी वर्षं सोपी जातात. ही ओळ नकाशाशिवाय मिळत नाही. म्हणून १:१०० प्रमाणात प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा काढून जुना भाग एका रंगात, नवा दुसऱ्या रंगात दाखवायचा.

‘सद्यस्थिती’चा रकाना सर्वांत धोक्याचा. पाहणी करणारा दारातून आणि चौकातून बघतो. समोरचं लाकूडकाम तेल लावून चकचकीत असतं, म्हणून तो ‘चांगली’ लिहितो. दोन वर्षांनी तुम्ही मागची तुळई कुजल्याचं सांगता तेव्हा फाइलवर ‘चांगली’ असतं आणि तुमच्यावरच संशय येतो की मुद्दाम बिघडवलं. खोलीगणिक फोटो काढा, त्यावर तारीख हवी, आणि भेगेजवळ मोजपट्टी धरलेली हवी. ‘पुढचा भाग चांगला, मागील पश्चिमेची तुळई व दोन खांब खराब’ असं नेमकं लिहून द्या.

निकषांचे रकानेही तपासा. मुंबईत १९९५ पासून अशी यादी आहे, आणि तिथे प्रत्येक वास्तूपुढे निकषांची इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. आपल्या घरापुढे कुठला निकष लावलाय ते कळलं की काय जपायचं ते कळतं. फक्त समूहमूल्य लावलं असेल तर आतल्या बदलांना वाव बराच. लाकूडकाम किंवा भित्तिचित्रासाठी नोंद असेल तर आतलंही बांधलं जातं.

हरकत कशी घ्यावी

यादी पक्की करण्याआधी जाहीर नोटीस देऊन हरकती-सूचना मागवणं आणि त्यांचा विचार करणं बंधनकारक आहे. शहराच्या यादीसाठी नोटिशीत छापलेली मुदत धरा. केंद्राच्या स्मारकासाठी कायद्यातच दोन महिने आहेत. हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि सुनावणी मागा.

‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेल्या हरकतीचा उपयोग शून्य. एका पानात तीन गोष्टी पुरेत: पत्रकातल्या कुठल्या नोंदी चुकल्या आहेत आणि पुरावा काय; कुठला भाग यादीत असावा, कुठला नसावा; आणि कुठली श्रेणी योग्य व का (श्रेणींचा अर्थ खाली दिला आहे). दुसरी श्रेणी सुचवली असेल आणि आतलं सगळं मूळ लाकूड साठ-सत्तर साली निघून लोखंडी गर्डर बसले असतील, तर तिसरी मागायला तो पक्का आधार आहे. गर्डरचे फोटो लावा.

श्रेणींचा अर्थ थोडक्यात असा. पहिली म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या, शहराची ओळख असलेल्या वास्तू, ज्यांत आतबाहेर हस्तक्षेप जवळपास नाही. राहता वाडा त्यात क्वचितच येतो. दुसरी म्हणजे स्थानिक महत्त्वाची वास्तू: आत बदल चालतात, नवा वापर चालतो, बाहेरच्या बदलांवर कडक नजर. काही शहरांत हिचेच ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. तिसरी म्हणजे रस्त्याच्या रूपासाठी जपायची घरं. आतबाहेर बदल बरेच चालतात, पण समितीला दाखवून. अशा घराची हरकत लढवत बसण्यापेक्षा पत्रक दुरुस्त करून घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

परवानगी कसली, आणि दुरुस्ती कुठे बिघडते

नियमाच्या भाषेत दुरुस्ती, गिलावा, रंग, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं हे सगळं परवानगीच्या कक्षेत येतं. ते ऐकून लोक दोन टोकं गाठतात. एक तर काहीच करत नाहीत, नाहीतर रविवारी गुपचूप गवंडी लावतात. दोन्हीत वाडाच मरतो.

चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापणं हा सर्वांत जास्त होणारा घात. जुन्या विटांच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्यातून बाहेर पडून सुकते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आणखी वर सरकते आणि भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकापर्यंत पोचते. बाहेरून भिंत कोरडी, गुळगुळीत दिसते. आत लाकडाचं टोक मऊ होतं, वाळवी लागते. दोन-चार पावसाळ्यांनी क्षार फुटून लोणा येतो आणि सिमेंटचा पापुद्रा विटेचा वरचा थर घेऊनच खाली पडतो. समितीला सिमेंट नको असतं ते यासाठी, नुसत्या देखाव्यासाठी नव्हे. चुनकळी (भाजलेला कोरडा चुना) विरवून चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची पूड, दोन भाग चाळलेली वाळू. थर साधारण १२ मिलिमीटरचा, आणि आठ-दहा दिवस ओलं पोतं लावून भिजत ठेवायचा. घाई करून उन्हात सुकवला तर बारीक भेगा पडतात आणि ‘चुना टिकत नाही’ असा बोभाटा होतो.

दुसरं ठिकाण खांबाचा पाय. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे लाकूड जमिनीपासून थोडं उंच राहावं अशी मूळची योजना. पुढे कधीतरी चौकात नवी लादी बसते, जमीन तीन-चार इंच वर येते, तळखडा बुडतो आणि रोजचं फरशी पुसायचं पाणी खांबाच्या टोकाला लागतं. तपासायला पेचकस पुरतो. खांबाच्या खालच्या हातभर उंचीत, चारही बाजूंनी दाबून पाहा. बोटाच्या पेराएवढा सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज येतो. वर तोच खांब लोखंडासारखा टणक असतो, म्हणून अख्खा खांब काढायचं कारण नसतं. आधी तुळईखाली टेकू देऊन भार उचलायचा, कुजलेला पाय कापायचा, त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा खांबाच्या रुंदीच्या अडीच ते तीन पट लांबीचा तिरपा सांधा करून जोडायचा आणि गंज न चढणाऱ्या बोल्टांनी आवळायचा. मग लादी खांबाभोवती कापून तळखडा पुन्हा उघडा करायचा. ठेकेदार याऐवजी पायाभोवती काँक्रीटचा डबा ओततो. त्यात पाणी कोंडतं, कूज दिसेनाशी होते आणि पुढच्या वेळी खांब खरंच बदलावा लागतो.

अर्जात हेच लिहायचं: कुठला खांब, किती लांबीचा भाग, काय काढणार, काय घालणार. ‘किरकोळ दुरुस्ती’ असा मोघम अर्ज महिनोन्महिने पडून राहतो, कारण समितीतल्या अभियंत्याला त्यावर मत देता येत नाही.

पावसाळ्याआधी येणाऱ्या नोटिशीबद्दल सावध राहा. गुजरातच्या १९४९ च्या महानगरपालिका कायद्याचं कलम २६४ मोडकळीला आलेल्या बांधकामांसाठी आहे. बडोद्यात या नोटिसा महानगरपालिकेच्या निर्भयता शाखेकडून येतात. नोटीस हातात पडली की ‘पाडायचा हुकूम आला’ अशी बोंब होते आणि एखादा बिल्डर तेवढ्यात सौदा पुढे करतो. पण कलमात पाडणं, सुरक्षित करणं, हटवणं, दुरुस्त करणं असे सगळे पर्याय आहेत. संरचना अभियंत्याचा अहवाल घेऊन ‘अमुक भागाला टेकू दिला, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करतो’ असं लेखी उत्तर द्या आणि घर यादीत असेल तर त्याची प्रत समितीला पाठवा. यादीतलं घर परवानगीशिवाय पाडलं तर आदर्श नियमावलीप्रमाणे त्या जागी नव्या इमारतीला सहसा परवानगी मिळत नाही. मिळालीच तर मूळ घराएवढंच एकूण क्षेत्र, त्याच रूपात आणि शैलीत.

बदल्यात काय मिळतं

दोन गोष्टी खऱ्या उपयोगाच्या. वाडा आहे तसा जपण्याचं लेखी हमीपत्र दिलं तर त्या विभागात चालणाऱ्या वापराच्या मर्यादेत काही भाग किंवा पूर्ण वाडा व्यापारी वापराला किंवा हॉटेलला देण्याची मुभा समितीच्या मान्यतेने मिळू शकते.

दुसरं, हस्तांतरणीय विकास हक्क. समजा जागा २०० चौरस मीटर आणि तिथे २ चटई निर्देशांक (जागेच्या किती पट बांधता येतं तो आकडा) मंजूर आहे, म्हणजे ४०० चौरस मीटर बांधता आलं असतं. वाडा २६० चौरस मीटरचा आहे. उरलेले १४० तुम्ही वाड्यावर चढवू शकत नाही, पण त्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर ते दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येतं आणि त्या पैशात छप्पर होतं. जुलै २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर ठरलेल्या अहमदाबादेत वारसा घरांसाठी ही सोय आहे. आपल्या शहरात मागताना आधी तिथलं धोरण लागू झालंय का ते नगररचना शाखेत विचारा, कारण धोरणाशिवाय हक्क फक्त कागदावर राहतो.

आणि या सगळ्याच्या आधीचं काम सिटी सर्व्हे कार्यालयातलं. नोटीस प्रॉपर्टी कार्डावरच्या नावाने निघते. तिथे अजून पणजोबांचं नाव असेल तर पाकीट परत जातं, मुदत संपते आणि पत्रक जसंच्या तसं पक्कं होतं. हमीपत्रावर, विकास हक्काच्या अर्जावर सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतात. पुण्याला, अमेरिकेला गेलेल्या चुलतभावंडांच्याही. त्यामुळे वारसाई नोंद आज करून घ्या आणि बडोद्यात राहणाऱ्या एकाच्या नावाने बाकीच्यांकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवा.